डाल्यातली फट

पौर्णिमाताई,

सकाळपासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहून राह्यलो. हे पत्र पेटीत टाकीन असं वाटत नाही.

बाबूजीच्या जुन्या पिकअपच्या मागं ज्या डाल्यात धान भरतेत, त्याच्या तळाच्या फळ्या पार सडल्या. आज मिस्त्री सरईच्या लाकडाच्या नव्या बसवून राह्यला. पण बाबूजी बसतेत कुठं! गाडीभोवती फिरतेत, मिस्त्रीवर खेकसतेत.

जुन्या फळ्या उपटल्या तं कोपऱ्यात ही मोठी फट, अन् खाली धान अडकलेलं. मले तुझा फोन आठवला. तू म्हणे, "खैरलांजीत आमच्या दारासमोर दर पावसाळ्यात धान उगवते. कोण पेरते, काय माईत!"

ताई, धानाची मिल वारासिवनीले आहे. पण बाबूजी मले संग घेऊन पहाटेच, तू निजली असते तवा, आधी तुयाकडे जातेत. सेल्फ खराब, म्हणून इंजिन चालूच ठेवतेत. थरथरत्या गाडीतून तुझं दार पाहत बसतेत, अन् खाली धान सांडते. तू मर्जीनं लगन केलं तवा "तिच्या दारात पाय ठेवणार नाही" म्हणलते. म्हणून उतरत नाहीत.

हे तुले सांगितलं तं तू धावत बाहेर येशील, अन् बाबूजी येणंच बंद करतील. नाही सांगितलं तं मले चैन नाही.

आत्ता मिस्त्रीनं कोपऱ्यातली शेवटची नवी फळी बसवाले उचलली. बाबूजीनं त्याचा हात धरला.

"तिथं फट राहू दे."

"काका, धान सांडन ना!"

"हौ," बाबूजी म्हणाले, "सांडू दे."

तुझा लहाना,
तेजलाल