पाहुण्यांना एकटं राहू द्या

प्रिय इसुझुस,

थोरल्या बहिणीचे (तू घेणार असशील तर) भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला थांबला का? ओसाकाची हवा खाऊन दुसरं काय होणार म्हणा. मी ठणठणीत आहे. आईच्या लोणच्याच्या बरणीवरून तू अकरा वर्षं बेटावर पाऊल ठेवलेलं नाहीस, पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलंय (बरणी माझ्याकडेच आहे आणि सुखरूप आहे). आज मला इतका आनंद झालाय की बोटीची वाट न बघता पोहत येऊन तुला सांगावंसं वाटतंय.

आपली दुपारची बोट बंद करायचं घाटत होतं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. बोटवाल्यांनी अट घातली, की मार्चमध्ये बाहेरचे चाळीस प्रवासी आले तर ठीक, नाहीतर एप्रिलपासून सकाळची एकच बोट. म्हणजे दात दाखवायला गेलेल्या माणसाने रात्र परगावी काढायची. आता त्र्याऐंशी म्हाताऱ्यांच्या बेटावर दात फार उरलेले नाहीत हे खरं, पण आहेत ते जपायला नकोत का? गेल्या मार्चमध्ये बाहेरचे चार जण आले होते, त्यातले दोघे चुकून उतरले होते.

अशात फेब्रुवारीत टोकियोच्या एका मासिकाचे लेखक, मिनेगिशी नावाचे, दोन दिवस माझ्याकडे भाड्याने खोली घेऊन राहतो म्हणाले. पत्रात लिहिलं होतं, की मला काही नको, फक्त एकांत हवा. झालं! आपले बेटाचे अध्यक्ष कुराता (हो, तेच, शाळेत तुझी वेणी बाकाला बांधणारे) यांनी ते मनावर घेतलं. तीन तास सभा चालली. पाहुण्यांनी स्वतःहून मागितलंय म्हटल्यावर एकांत द्यायचा तो भरपूर द्यायचा, त्यात कसूर नको, असं ठरलं. पण पाहुणे कुठे निघालेत हे कळल्याशिवाय लपायचं कसं? त्यावर कुराताजी म्हणाले, "मग कचेरीवरचा भोंगा कशाला आहे?"

पहिल्या दिवशी पाहुण्यांचा पाय धक्क्याला लागतो न लागतो तोच बेटभर आवाज घुमला, "पाहुणे उतरले आहेत. रस्त्यावरच्यांनी कृपया घरात जावे." वाळत घातलेले ऑक्टोपस तसेच टाकून बायका आत पळाल्या. मग कचेरीत कुराताजींच्या डोळ्याला दुर्बीण आणि दर दहा मिनिटांनी भोंगा. "पाहुणे देवळाकडे वळले आहेत. झाडणाऱ्यांनी झाडामागे व्हावे." "पाहुणे मांजराशी बोलत आहेत. मांजराच्या मालकाने हाक मारू नये." नव्वदीच्या फुमिआजींना पळणं जमेना, म्हणून त्यांना कचेरीत कुराताजींच्या शेजारीच बसवून ठेवलं होतं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं म्हणून सांगू! फक्त एक गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. पाहुण्यांनाही कान होते. (जन्मभर भोंगा ऐकलेल्या माणसांना तो आपल्या घरातलाच आवाज वाटतो, त्याला आम्ही काय करणार?)

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दीपगृहाखालच्या खडकावर बसले. भोंगा म्हणाला, "पाहुणे समुद्राकडे बघत आहेत. चेहरा उदास आहे. संत्र्याच्या बागेतल्यांनी उभे राहू नये." तर हे गृहस्थ उठले, बागेकडे वळले आणि कमरेत वाकून म्हणाले, "माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा." आता समोरून कुणी वाकल्यावर आपण बसून कसं राहायचं? अकरा जण झाडांतून उभे राहिले आणि वाकले. मीही त्यातच होते, डोक्यात पाला. भोंग्यावर कुराताजींचा धीर सुटला. "पाहुण्यांनी नमस्कार केला आहे! आता काय करायचं, कुणीतरी सांगा!" आणि त्याच भोंग्यावर फुमिआजी खेकसल्या, "अरे, जेवायला बोलाव मेल्या!"

माझ्या चार खोल्यांच्या घरात त्या दुपारी एकसष्ट माणसं ऑक्टोपसचा भात जेवली. दुपारच्या बोटीने पाहुणे निघाले, तेव्हा सगळं बेट रंगीत कागदी फिती घेऊन धक्क्यावर. फितींचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आमच्या. बोट लांब जाऊन फिती तुटल्या तेव्हा ते रडले, आणि मीही रडले. काल मासिक आलं. दोन अख्खी पानं! मथळा आहे, 'जिथे माणसाला एकटं राहणं जमत नाही'. तेव्हापासून माझा फोन खाली ठेवता येत नाहीये. या मार्चमध्ये येण्यासाठी एकोणचाळीस जणांनी नावं दिलीत, इसुझु, एकोणचाळीस!

यजमानांना नमस्कार. आल्याचा काढा द्यावा.

तुझीच,
तोमोए

ता. क. माझ्याकडे गाद्या सहाच आहेत. तुझ्या माळ्यावर जास्तीच्या असतील तर पाठव.

ता. क. पाठवू नकोस, घेऊन ये. चाळिसावं माणूस मिळत नाहीये. कुराताजींनी रहिवाशांचं रजिस्टर उघडून पाहिलं. तुझं नाव बेटावरून केव्हाच कमी झालंय, म्हणजे बोटवाल्यांच्या लेखी तू बाहेरची. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटत होतं, आता पहिल्यांदाच उपयोग होतोय. बरणी हवी तर घेऊन जा. आलुबुखाराचं लोणचं मी त्यात दर वर्षी घालते, पण मीठ जास्त झालंय हे तोंडावर सांगणारं कुणी नाही. तुझी फार आठवण येते.

ता. क. तू उतरलीस की काय पुकारायचं, ते कुराताजींनी आजच लिहून ठेवलंय. "दोघी बहिणी धक्क्यावर भांडत आहेत. कृपया त्यांना एकटं राहू द्या."