दहा नंबरची थुंकी

१२ नोव्हें. २००८, पोशेरा
मुंबईच्या कॅन्सरवाल्या मॅडमकडं काम लागलं. थुंकी गोळा करायची! दहा तंबाखू खाणारे, दहा न खाणारे. खाणारे अर्ध्या तासात जमले, वर भांडण, "आम्हाला का नाय घेतलं?" न खाणाऱ्यांसाठी दोन पाडे पालथे घातले. तिसऱ्यावर क्रिकेटची मॅच चालू होती. संध्याकाळ तिथंच.
जेवताना चटणी डाव्या गालात झोंबली. परत.

१४ नोव्हें.
मॅडमनी समजावलं. तंबाखूनं पेशीला आतून गंज चढल्यासारखं होतं, त्यातून कॅन्सरला वाट. गंज पुसायचा हुकूम चिठ्ठीवर निघतो. मायक्रो आरएनए म्हणून बारीकसं काही असतं, ते चिठ्ठी वाटेत अडवतं. कुठलं कुठली चिठ्ठी अडवतं, ते थुंकीत शोधणार.
शेजारी बसलेली माझी आत्या म्हणे, "म्हंजे तालुक्यावरून कागद निघतो नि आपल्यापत्तुर येत नाय, तसंच."
मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी एवढा वेळ बोललो, त्यातलं काही नाही.

१५ नोव्हें.
न खाणारे नऊ, आत्या दहावी. मॅडमनी तिचे काळे दात बघितले.
"आजी, मिश्री लावता?"
"लावते की."
"ती तंबाखूच जाळून करतात ना?"
"पण मी खाते कुठं? घासते!"
आत्या बाद. जीप निघायच्या घाईत, दहा नंबरची नळी रिकामी. घरामागं जाऊन मीच भरली. फॉर्मवर 'तंबाखू: नाही'. माझ्या गुटख्याच्या पुडीत जास्त करून सुपारीच असते. नावांची यादी माझ्याकडं, मॅडमकडं फक्त नंबर.

२ डिसें., जामसर
लग्नाला एका दिवसासाठी आलो. आज पाचवा. तारपा वाजायला लागला की पाय निघत नाही. पुडी बंद केली. दुपारी एकच.

२१ जाने. २००९, पोशेरा
मॅडमची चिठ्ठी. 'नं. १० मध्ये गंजाच्या खुणा बाकी नऊंपेक्षा खूप जास्त. यावरून आजार ठरत नाही, पण तोंड तपासायला हवं. शुक्रवारी मी जव्हारला दवाखान्यात आहे. ही चिठ्ठी नं. १० च्या हातात द्या.'
आरशात बघितलं. गालात पांढरा डाग. उजेड कमी होता. त्यामुळं वाटलं असेल.

२२ जाने.
आत्या : "चिठ्ठी दिलीस?"
"माणूस घरी नव्हता."
"चटणी खाताना तोंड वाकडं करतो, तोच ना माणूस?" मग म्हणे, "मॅडमला सांग, तुमचा तो मायक्रो सापडला. आमच्याच घरात जेवतो."
मिश्रीचा डबा तिनं शिंक्यात वर ठेवला. हात पोचतोच तिचा.

२३ जाने., शुक्रवार, मोखाडा स्टँड
जव्हारची गाडी लागली. शेजारी खोडाळ्याची, तिकडं कुस्त्या आहेत म्हणतात. चिठ्ठी खिशात, घामानं ओली. जव्हारचा कंडक्टर घंटी मारतोय. त्याच गाडीच्या दारात एक पाय ठेवलाय, दुसरा—