पाचही आवाज बरोबर होते

मी, महाबळेश्वर झिलू वेळीप, वय ७२, राहणार अणशी, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, वनखात्यात तीस वर्षे रोजंदारीचा वॉचर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोळ्यांना चष्मा आहे, पण कान तिखट आहेत आणि डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही.

कलम १. राहते घर माझी मुलगी सुमंगला, सध्या रामनगर, हिला मिळावे. जावयांनी कौले उतरवून पत्रे घालण्याचा विचार सोडावा. पत्र्याखाली पावसात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

कलम २. ओहोळाकाठचे भातशेतही तिलाच. बांधावरचा फणस मात्र शेजारी राहणाऱ्या गणपतीचा. त्या झाडावरून मी नऊ वर्षे त्याच्याशी बोललो नाही. झाड त्याचे आहे हे मला मोजणीच्या आधीपासून माहीत होते.

कलम ३. दुर्बीण आणि कोयता माझी धाकटी बहीण कमल हिचा मुलगा परशू याला. गणेशगुडीच्या बाजूला एका जंगल लॉजवर तो पाहुण्यांना पाखरे दाखवतो. काम चोख करतो. त्याला ही नोकरी कशी लागली ते पुढच्या कलमात आहे. ते घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ४. अकरा वर्षांपूर्वी त्या लॉजच्या मालकांना एक गाइड हवा होता. अर्ज दोन आले, परशूचा आणि पलीकडच्या वाडीतल्या मयूरी म्हादू मिराशी हिचा. मालक परगावचे, त्यांना पाखरांतले काही कळत नव्हते. परीक्षा मी घ्यावी असे त्यांनी ठरवले.

आदल्या दिवशी कमल आली आणि उंबऱ्यावरच बसली. "अण्णा, पोरगा दोन वर्सं घरात बसून हाय. तुझ्या एका शब्दाचं काम हाय. तू न्हाई टाकलास तर कोण टाकणार?"

मी म्हणालो, "बघतो."

सकाळी मालकांनी विचारले, "यात तुमच्या नात्यातलं कोणी नाही ना?"

मी "नाही" म्हणालो. परशूचे आडनाव वेगळे, त्यामुळे ते खपून गेले.

दोघांना घेऊन मी रानात शिरलो. पाच आवाज ऐकवले, आणि प्रत्येकाने उत्तर माझ्या कानात सांगायचे असे ठरले. परशूचे तीन बरोबर आले. मयूरीचे पाचही. परत येऊन मालकांना मी आकडे उलटे सांगितले.

मयूरीने विचारले, "काका, माझे कुठले दोन चुकले?"

मी म्हणालो, "कर्णा पाखराचा, आणि शेवटचा. तो हळद्या होता."

"न्हाई काका. भृंगराज होता. हळद्याची नक्कल करत होता. मी झाडावर बघितला त्याला."

"हळद्याच तो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हंजे माझंच चुकलं असंल." आणि चालत घरी गेली.

भृंगराज मीही पाहिला होता.

कमलने मागितले यात तिची चूक धरू नये. आई लेकरासाठी मागणारच. मी मालकांना "हा माझा भाचा आहे, तुम्ही बघा" असे उघड सांगितले असते, तर हे कलम लिहायची वेळ आली नसती. मी मात्र एका मुलीचे खरे उत्तर खोटे ठरवले, आणि तेही तिच्या तोंडावर.

कलम ५. गेल्या महिन्यात जोयड्याच्या बाजारात मयूरी भेटली. लग्न होऊन ती आता फोंड्याला असते, काजूच्या कारखान्यात जाते. सोबत सहा-सात वर्षांची लेक होती. वडावर तांबट ओरडत होता. लेकीने विचारले, "आई, ते काय ओरडतंय?"

मयूरी म्हणाली, "मला न्हाई गं वळखायला येत. ह्या आजोबांना विचार."

तांबट! तो तर शेंबडे पोरही ओळखते. मी नाव सांगितले आणि घरी आलो. त्या दिवशी जेवण गेले नाही. परशूला बोलावून सगळे सांगितले, आणि हे मृत्युपत्रात लिहिणार आहे असेही सांगितले.

पाहुण्यांना परशू नेहमी सांगत आलाय की आपण वशिल्याने लागलेलो नाही. तो म्हणाला, "मेल्यावर कशाला, मामा? ती जित्ती हाय, तुम्ही जित्ते हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे फोंड्याच्या बसला बसलो. मयूरीने दारातच सगळे ऐकून घेतले. ती रडली नाही, आत या असेही म्हणाली नाही. "म्हंजे भृंगराजच होता," एवढे बोलली. मी पक्ष्यांच्या नोंदींच्या माझ्या वह्या देऊ केल्या, तर म्हणाली, "वह्या नकोत. लिहून ठेवा. कोण एक पोरगी होती असं न्हाई. माझं नाव पुरं लिहा, बापाचंबी." वर कलम ४ मध्ये ते लिहिले आहे.

कलम ६. परशूने नोकरी सोडावी असे मी सुचवलेले नाही. त्याला दोन मुले आहेत. मालकांना खरे काय ते मी परवा जाऊन सांगितले. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, माणूस चांगला मिळाला ना." मला ते ऐकून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

काल संध्याकाळी परशू कामावरून येताना थांबला. ओट्यावर बसला, बुटांची नाडी सोडली, परत बांधली.

"मामा, त्या दिवशी मला किती आले होते?"

"तीन."

"तीनच?"

"तीनच," मी म्हणालो. या वेळी आकडा खरा सांगितला. तो उठला आणि घरी गेला. आज सकाळी वाटेने गेला, पण हाक मारली नाही.

याआधी केलेला कोणताही कागद यापुढे धरू नये. वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: अणशी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) महाबळेश्वर झिलू वेळीप

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) रामचंद्र विठोबा देसाई, निवृत्त शिक्षक, जोयडा
२. (सही) नेत्रा गणेश हेगडे, आरोग्य सेविका, अणशी