घोडीवरचा आळ

ता. ३ जून

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. फक्त गाडीवानाचे दोन दात ठिकाणावर नाहीत. भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमक्ष तो म्हणाला, की या नालबंदाच्या दारातल्या घोड्या गाभण राहतात, सून मात्र सहा वर्षे तशीच. माझ्या हातात सांडशी होती. ती मी खाली ठेवली नाही. ऐरणीवरचे रक्त राखेने पुसावे लागले. बहात्तराव्या वर्षीही माझा हात चुकत नाही, हे तुला कळावे.

आता मुद्दा. आपल्या कुळात असा दोष कोणातही नव्हता. तेव्हा तो सूनबाईचा, हे उघड आहे. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी एवढे गणित मला येते. दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणे पुरे करून तिला माहेरी पोहोचती करावी. मुके जनावर कुठे दुखते ते सांगत नाही, तरी मला कळते. तुझ्या डॉक्टरबाईंना बोलत्या माणसाचे कळू नये, हे नवल आहे.

कळावे. आशीर्वादात खंड नाही.

तुझा,
बाबा

ता. ११ जून

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र हिला दाखवलेले नाही. दोष तिचा नाही, माझा आहे. तीनदा तपासणी झाली. तिन्ही वेळा वीर्यात एकही शुक्राणू मिळाला नाही.

डॉक्टरबाई म्हणतात, उपाय आहे. अंडकोशात सुई घालून आतले थोडे काढायचे. त्यात एखादा जिवंत सापडला, तर तो हिच्या बीजात भिंगाखाली सोडायचा आणि धरलेला गर्भ हिच्या पोटात ठेवायचा. पण माझी एक बाजू सुकून वाटाण्याएवढी झाली आहे. ते जन्मजात असेल, तर मुलातही उतरू शकते. या भीतीने हिने परक्या दात्याचे वीर्य घ्यायचे ठरवले आहे. पुढच्या सोमवारी सही करायची.

बाईंनी विचारले, लहानपणी तिथे मार लागला होता का. मी नाही म्हणालो. घोडीने लाथ मारली, असे तुम्ही तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलेत, ते मी शेजारी पडून ऐकले होते. त्याच संध्याकाळी तिच्या मालकाने तिला गोळी घातली, तो आवाजही घरी आणल्यावर अंथरुणातून ऐकला. पुन्हा तिचेच नाव घेऊन तिला दुसऱ्यांदा मारणे मला जमले नाही. खरे सांगावे, तर तुमचे नाव जाते.

लोभ आहे तो तसाच ठेवावा.

आपला,
बारक्या

ता. १५ जून

चि. बारक्यास आशीर्वाद. खालील मजकूर डॉक्टरबाईंसाठी आहे. सूनबाईने तो आधी वाचावा.

डॉक्टरबाईंस सा. न. वि. वि. मी या रुग्णाचा बाप. हा दहा वर्षांचा असताना याच्या हातून तापलेली नाल निसटली व माझ्या पायाशी पडली. माझ्या बुटाच्या टाचेला लोखंड होते. मी याच्या दोन पायांच्या मध्ये लाथ मारली. खाली पडल्यावर दुसरी मारली. पहिलीने तो ओरडला नाही, म्हणून दुसरी. तीन दिवस त्याला बसता येत नव्हते. चौथ्या दिवशी ताप चढला, तेव्हा दवाखान्यात नेले व घोडीचे नाव सांगितले. लोकांना ते खरे वाटावे, म्हणून परत येऊन, नाल ठोकायला दारात बांधलेल्या त्या घोडीचा मागचा पाय घणाने मोडला आणि पिसाळलेल्या जनावराला आवरताना तो मोडला, असे मालकास सांगितले. नालबंदाच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही. घोडी गरीब होती. पाय मोडतानाही तिने लाथ मारली नाही.

मुलगा जन्मला तेव्हा अंगाने धड होता. हे मी शुद्धीवर राहून लिहिले आहे.

ता. २० ऑगस्ट

तीर्थरूप मामंजींस शि. सा. न. वि. वि.

आपला कागद डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला. मग रक्ताच्या तपासण्या केल्या. त्यांतही जन्मजात काही निघाले नाही. मी सही केली नाही. यांच्या चांगल्या बाजूतून सुईने चार जिवंत मिळाले. त्यांतून एक गर्भ धरला. काल त्याचे हृदय हलताना पाहिले. हे तिथेच खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मला माहेरी पोहोचवण्याचे आपले पत्रही आता वाचले आहे. हे म्हणतात, मूल झाल्यावर बाबांना बोलवू. मी म्हणते, यावे. पण मुलापासून किती लांब बसायचे, ते मी ठरवीन.

राग आहे, तो असेपर्यंत लोभाचे लिहिता येत नाही.

आपली,
सून

ता. २८ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अट मान्य आहे. गाडीवानाच्या घरी जाऊन आलो. क्षमा मागितली. त्याने बायकोपोरांदेखत माझ्या तोंडात मारली; माझाही एक दात गेला. तो म्हणाला, की एक अजून बाकी आहे. मी उभाच राहिलो, पण त्याने मारले नाही.

अंतर ठरवताना एक ध्यानात घ्यावे. हाताची पोच सर्वांना दिसते, म्हणून लोक तीच धरतात. माझा पाय त्याहून हातभर पुढे पोचतो. त्याच्याही पलीकडे मला बसवावे. मोजताना बारक्याला विचारू नये. मला विचारावे, मी खरे सांगेन.

लोभ मागण्याचा अधिकार उरलेला नाही. तरी असावा, ही विनंती.

तुझा,
मामंजी