पुस्तकाच्या पाठीतली खूण

प्रिय बाबा,

हे पत्र धाकटी वाचून दाखवेल. तिला सांगा, सावकाश वाच, आणि मधलं काही गाळू नकोस. मागच्या वेळी तिच्या अभ्यासाबद्दलचं अख्खं वाक्य तिने खाल्लं, हे आईकडून कळलंय मला. फोन केला असता, पण हल्ली फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ जड होते.

पुस्तकांच्या बांधणीखान्याची व्यवस्था माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. खिडकीजवळचं तुमचं टेबल अजून तिथेच आहे. तुमच्या कोपराने लाकडाला पडलेला खळगा सकाळी कुणी यायच्या आत मी हात ठेवून बघते. माझं कोपर त्यात सैल पडतं. खळीचा वासही तोच. शाळा सुटली की मी तुमच्या पायाशी कागदाच्या कातरणांत बसून पाढे म्हणायचे आणि शेजारच्या टेबलावरून दोराकाका चूक धरायचे, "सात सक बेचाळीस गं पोरी! चव्वेचाळीस म्हणालीस तर मालक दोन पुस्तकं जास्त मागेल!" दातांत दोरा धरून इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुस्तक शिवून झालं की पुठ्ठा चिकटवायच्या आधी पाठीच्या आतल्या कागदावर तुम्ही पेन्सिलीने तीन टोकांचं पान काढायचात. दोराकाका मासा काढायचे. पुठ्ठा बसला की खूण कायमची झाकलेली. मग काढायची कशाला, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पुस्तकाला माहीत असतं." मी दुसरीत गेले तेव्हा पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणालात, "पानाखाली तुझं अक्षर काढ. घरात एकीला तरी येतंय."

मालकीणबाई मला म्हणाल्या, माणसं मन लावून काम करत नाहीत, तू शिकलेली आहेस, काहीतरी कर. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी मी. माणूस कशाने कामाला लागतो, यावर तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, वही भरून टिपणं काढली. मग भिंतीवर फलक लावला. आठवड्यात जो जास्त पुस्तकं शिवेल त्याच्या नावापुढे लाल चांदणी. आणि खुणा काढण्यातला वेळ वाचावा म्हणून सगळ्यांच्या पेन्सिली गोळा केल्या.

पहिल्या आठवड्यात काम वाढलं. तिसऱ्या आठवड्यात पुस्तकं परत यायला लागली. शिवण सैल, पानं सुटलेली. सगळ्यात जास्त चांदण्या होत्या दोराकाकांच्या नावापुढे, आणि परत आलेली बहुतेक पुस्तकंही त्यांचीच. उभ्या जन्मात ज्यांचं एक पुस्तक परत आलं नव्हतं, त्यांची! मी एक पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चांदण्या हव्या होत्या ना बाई? दिल्या. हे पुस्तक माझं नाही. माझं असतं तर आत मासा असता." पोरीची मी बाई झाले होते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. आज बारा दिवस झाले. सुयांची डबीही घेऊन गेलेत. दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही.

काल एका शाळेतून जुना शब्दकोश दुरुस्तीला आला. पाठ सोडवली तर आत तुमचं पान, आणि खाली माझं वाकडं अक्षर. पुठ्ठा झिजून गेलाय, पण तुमची शिवण इतकी घट्ट की कात्रीचं टोक शिरेना. मी तो कोश मांडीवर घेऊन बसून राहिले. मग उठून फलक काढला आणि प्रत्येकाच्या टेबलावर पेन्सिल परत ठेवली. खळ लावणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बरं झालं. दिवसाढवळ्या चांदण्या दाखवल्यास गं आम्हाला!" सगळे हसले. दोराकाकांचं टेबल तेवढं रिकामं होतं.

धाकटे, आता पुढचं गाळू नकोस. ज्या दिवशी मी पेन्सिली गोळा केल्या, त्या दिवशी दोराकाकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "म्हणजे तुझ्या बाबांचं पानही वेळेची नासाडीच होतं का गं?" मालकीणबाई दारात उभ्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले होते. मी "हो" म्हणाले. बाबा, मी खरंच हो म्हणाले. चारचौघांत बोलले, म्हणून हे चारचौघांत वाचलं जावं असं वाटलं. रविवारी पहिल्या गाडीने याल का? मी घ्यायला येईन. आधी मला रागवा, मग आपण दोराकाकांच्या घरी जाऊ. बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. सही तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून खाली पान काढलंय, पेन्सिल जोरात दाबून. अंधूक दिसलं तर बोट फिरवून बघा.

तुमचीच,
पानाखालचं अक्षर काढणारी