नगरसेवकाची शाल

पॉइंट कुक, रविवार संध्याकाळ

आज इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नगरसेवकाला शाल-श्रीफळ. का, तर आरती पाठ म्हणतो.

शाळेसमोर क्रॉसिंग करा, ही माझी तक्रार त्याच्या कौन्सिलने ठेकेदाराकडे ढकलली आणि 'निकाली' म्हणून मोजली. रस्त्यावर अजून एकही पट्टा नाही. मी ट्रॅफिक इंजिनियर आहे. असं काम मी दाखवलं तर नोकरी जाईल.

शेजारची प्राची म्हणाली, "तुझं सणालाही ऑडिट चालू. येतो तरी ना तो बिचारा?"

येतो. कामाचं माप एवढंच?

शाल द्यायला प्राचीच्या लेकीला, ईराला पुढे केलं. नगरसेवकाने तिला विचारलं, "शाळेत चालत जातेस?"

"यप. पण रोडवर पळते. कार्स डोंट स्टॉप."

"गुड. फिट राहशील."

शाल सावरत तो हसला. सगळे हसले. प्राची हसली नाही.