हललेलं चित्र

३ मार्च, मंगळवार

सरांनी आज सरळच सांगितलं — "नव्या प्रोग्रॅमला सोपं काही देऊ नकोस. आपल्याकडचा, स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त हललेला माणूस काढ."

काढला. फाइलवर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण मला नाव कशाला हवं? त्या स्कॅनच्या दिवशी मी तिथेच होते. भावोजी!

आमचं एमआरआय मशीन चालवणारी ताई, तिचा नवरा. सख्खी नाही, पण मला ती ताईच, म्हणून ते भावोजी. प्रयोगाला माणसं हवी होती तर हौसेने आले. पुढच्या वर्षी गेले. सकाळी दाढी करता करता कोसळले. मेंदूत रक्तस्राव.

दुसरी फाइल काढावी का? नको. सर कारण विचारतील.

५ मार्च, गुरुवार

मेंदूचं एवढं बारीक चित्र हवं तर माणसाने बराच वेळ पुतळ्यासारखं पडून राहायला हवं. कोण राहतं? आवंढा गिळला तरी डोकं केसभर सरकतं आणि चित्र पुसट होतं. आमचा प्रोग्रॅम डोकं कधी, कुठे, किती सरकलं याचा अंदाज घेतो, तेवढं उलटं फिरवून चित्र जुळवतो. पुन्हा अंदाज, पुन्हा जुळवणी. स्क्रीनवर हालचालीच्या रेघा उमटतात.

भावोजींच्या रेघा — काय सांगू! हा श्वास. हा आवंढा. आणि मध्येच एक जोरदार थरथर. ते हसताहेत! ताई माइकवरून म्हणाली होती, "अहो, घोरू नका, मशीनचा आवाज ऐकू येत नाहीये!"

गेलेला माणूस हसताना पाहिला आज. आवाज नाही. नुसती रेघ.

६ मार्च, शुक्रवार

डबा न उघडताच परत आणला.

१० मार्च, मंगळवार

रोज त्यांना थोडं थोडं शांत करतेय मी. आधी श्वास काढला. मग मानेची चुळबुळ. काल हसणं. रेघा सपाट होत चालल्यात — सपाट! आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

ताई भेटली. "काय गं, चेहरा का असा सुतकी?" म्हटलं, डोकं दुखतंय. "ये, घालते मशीनमध्ये!" म्हणाली, आणि हसली. मला तिच्याकडे बघवेना.

११ मार्च, बुधवार

चित्र लख्ख आलं. सर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. आणि मला तो दिसला. रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो तिथे एक फुगवटा. जुन्या चित्रात तिथे नुसतं धुकं.

मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. खुर्ची ओढून बसले. "कोणाचं हे?" सांगितलं. त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं. मग, "हाच फुटला असणार. मूलबाळ?"

"एक मुलगी."

"कधी कधी घराण्यात असतं हे. तिला तपासायला हवं."

म्हणजे ताईला सांगायला हवं. कोणी? मीच!

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं. तिच्याच खोलीत, दार लावून. मी बोलत राहिले, ती माउसची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"तेव्हा दिसला असता?"

"तेव्हाच्या प्रोग्रॅमला नसता दिसला, ताई."

"आणि ते हलले नसते तर?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,

"मी हसवलं गं त्यांना."

"हसणं दोन क्षणांचं होतं. बाकी सगळा श्वास, आवंढा. त्यानेच चित्र बिघडलं." — एका दमात बोलून गेले. तिने मान हलवली. विश्वास ठेवला बहुतेक.

तेवढं हसणं वगळलं असतं तर फुगवटा दिसला असता का, हे मी तपासलेलं नाही. तपासणं अवघड नाही. तपासणार नाही.

१६ मार्च, सोमवार

ताईची लेक तपासणीला तयार नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणे. ताई चिडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांनाही भरली नव्हती."

१८ मार्च, बुधवार

लेकीला मशीनमध्ये घातलं. बाहेर ताई, मी, डॉक्टर. स्कॅनची शेवटची फेरी चालू होती. आधीचं चित्र स्क्रीनवर आलं आणि डॉक्टरांनी बोट ठेवलं. "आहे. पण लहान आहे. फुटायच्या आत बंद करता येईल."

ताई उठली, दार उघडून आत गेली. मशीन थांबायची वाटही पाहिली नाही. मशीनच्या तोंडातून बाहेर आलेली लेकीची पावलं दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. लेक दचकली, हलली.

शेवटचं चित्र बिघडलं. बिघडू दे!